मानाचा भोवरा

भोवऱ्याचा खेळ लांबून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. क्रिकेटचा चेंडू निदान हवेत तरी जातो, कबड्डीत माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. भोवरा मुठीएवढा आणि जमिनीलगत. रिंगणाभोवती पहिली रांग उभी राहिली की दुसरीला पहिलीच्या पाठी दिसतात आणि तिसरी घरी निघून जाते. अशा खेळाला मैदान, मांडव, प्रेक्षक आणि सरकारी मान्यता मिळवून द्यायचा चंग मी बांधला होता. मिळवूनही दिलं. ते कसं मिळवलं, हे आमच्या संघटनेच्या अहवालात नाही.

मी करावे गावचा. आमची शेतं होती तिथे आता सोसायट्या आहेत, आणि वडिलांनी उरलेल्या जागेत बांधलेल्या इमारतीच्या भाड्यावर घर चालतं. त्यामुळे कामधंद्याचं टेन्शन मला कधी नव्हतं. अंगात गुण एकच, जीभ. टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा असोत नाहीतर कुणाची हळद, माईक माझ्याकडे यायचा. झेल सुटला की मी त्या पोराच्या सात पिढ्या बाहेर काढायचो आणि तो पोरगा खाली मान घालून हसायचा. न हसून करतो काय, माईक माझ्या हातात होता.

भोवरा खेळायचे ते माझे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. दिवाळे गावचे. पूर्वी खाडीत मासेमारी करायचे. खाडीत हाती काही लागेना तेव्हा उरणकडे एका कंटेनर यार्डात कंत्राटावर लागले. दोन महिने काम, महिनाभर घरी, असं चालायचं. घरी असले की चिंचेच्या लाकडाचे भोवरे करत बसायचे. त्यांच्यासारखा भोवरा खाडीच्या या काठाला कुणी फिरवत नव्हतं. फेकलेला भोवरा जमिनीला टेकायच्या आत दोरीच्या एका झटक्यात तळहातावर घ्यायचे, आणि तो हातावर इतका स्थिर फिरायचा की थांबलाय असंच वाटावं. हे सगळं ते मुकाट करायचे, कारण भावजी बोलताना अडखळायचे. थोडंथोडकं नाही. पहिल्या अक्षरावर अडकले की मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे मिटायचे, आणि समोरच्याला वाटायचं की आपणच तो शब्द बोलून टाकावा आणि दोघांनी सुटावं. त्यांचं बोलणं मी इथे सलग लिहिणार आहे. अडखळून दाखवायचं काम मी माईकवर पुरेसं केलं आहे.

लग्नात त्यांना नाव घ्यायला लावलं होतं. उखाण्याची पहिली ओळ कशीबशी पार पडली आणि बायकोच्या नावावर गाडी अडली. 'म' च्या पुढे काही येईना. म... म... म... सगळा मांडव ताटकळत उभा. शेवटी माझ्या बहिणीने मान वर करून स्वतःचं नाव स्वतःच सांगितलं आणि म्हणाली, "झालं, घेतलं त्यांनी." लोक हसले, पण ते हसणं चांगलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला ताईचा फार अभिमान वाटला होता.

दिवाळ्यात रविवारी सकाळी मोकळ्या जागेत भोवऱ्याचा खेळ रंगायचा. नियम सोपे. जमिनीवर रिंगण आखायचं. सगळ्यांनी एकदम भोवरे फेकून हातावर उचलायचे. ज्याला सगळ्यात उशीर होईल त्याचा भोवरा रिंगणात आडवा ठेवायचा. मग बाकीच्यांनी आपापल्या भोवऱ्याच्या आरीने, म्हणजे खालच्या लोखंडी खिळ्याने, त्यावर घाव घालायचे. घाव बसून तो रिंगणाबाहेर गेला तर मालक सुटला, फुटला तर मालक बाद. आणि एक रिवाज होता. भोवरा रिंगणात आहे तोवर त्याच्या मालकाने रेषेवर उभं राहायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. पूर्वी कधीतरी आपल्या भोवऱ्यावर घाव पडताना बघून कुणी काही बोललं होतं, त्यावरून डोकी फुटली होती, तेव्हापासून. बाकीचे काहीही बोलोत, चिडवोत, त्याने गप्प राहायचं. भावजींना हा खेळ आवडण्याचं हेही एक कारण असावं. बाकी सगळीकडे त्यांना गप्प राहावं लागायचं, इथे तो नियमच होता.

संघटना मी काढली. अध्यक्ष म्हणून गावातलाच एक बिल्डर धरला, सचिव मी झालो. पहिली स्पर्धा सीवूड्सजवळच्या मैदानावर घेतली. मांडव, खुर्च्या, फ्लेक्सवर आम्हा सगळ्यांचे हात जोडलेले फोटो. खुर्च्या रिकाम्या. खेळाडूंच्या बायका आल्या होत्या, त्याही डबे देऊन परत गेल्या. भावजी जिंकले. टाळ्या इतक्या कमी पडल्या की कुणी कुणी वाजवल्या ते मोजून सांगता आलं असतं. मान्यता देणाऱ्या समितीवरचे एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. सभ्य माणूस. चहा घेता घेता म्हणाले, "खेळ चांगला आहे हो. नियम लिहून काढा, वयोगट करा, पंच तयार करा, ते सगळं होईल. पण बघायला माणसं नकोत का? रिकाम्या खुर्च्यांचे फोटो मी वर कुणाला दाखवू?"

त्याच आठवड्यात ताई घरी आली. मासळी विकून थेट आली होती, पाटी दाराबाहेर ठेवली आणि चहाला नको म्हणाली.

"साहेब काय बोल्ला ते ऐकलंय मी," ती म्हणाली. "मान्यता भेटली तर शाळेत भवरा शिकवनारा मानूस लागेल ना?"

"लागेल. मानधनावर का होईना, लागेलच."

"मंग ते काम यांना भेटू दे. यार्डात कंबर गेली हाय त्यांची. पोरांना भवरा शिकवायला तोंड कशाला लागतंय? हात धरून शिकवतात ते. तू बघितलंस ना?"

बघितलं होतं. भावजी मुलाच्या मागे उभे राहायचे, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवायचे आणि दोघांच्या हाताने मिळून भोवरा सोडायचे. तिसऱ्या वेळी मुलाचा हात एकटाच सोडायचा. दिवाळ्यातली अर्धी पोरं त्यांनी अशी तयार केली होती, एक शब्द न बोलता.

"ते काम भावजींचंच," मी म्हणालो. "माझा शब्द."

ताई खरंच खूश होऊन गेली. मीही मनापासून बोललो होतो. मी त्या वेळी खोटं बोललो असतो तर आज जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वर्षी मी हळदीत लावतात तो मोठा एलईडी पडदा आणला आणि रिंगणावर कॅमेरा रोखला. आता भोवरा दिसायला लागला, पण भोवऱ्यात बघण्यासारखं काय आहे ते लोकांना कळेना. मी इमानदारीत समजावून सांगत होतो, आर म्हणजे काय, दोरी किती पेडांची, घाव कुठे बसला तर लाकूड चिरतं. लोक मोबाईल बघत होते. मग एका जाडजूड खेळाडूचा भोवरा रिंगणात गेला आणि तो रेषेवर येऊन उभा राहिला. माझ्या तोंडून सहज निघालं, "यांचा भोवरा यांच्यासारखाच दिसतोय. एकदा बसला की उठायचं नाव नाही."

खुर्च्यांमधून हशा उठला. मोबाईल खाली गेले. तो जाडा लालबुंद होऊन उभा, आणि रिवाजाप्रमाणे त्याला उत्तर देता येत नव्हतं. मी आणखी दोन सोडले. लोक रस्त्यावरून आत यायला लागले. मला त्या क्षणी कळलं की खेळ सापडला. उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसाची चारचौघांत फजिती करणं, हे तिसऱ्या रांगेतूनही स्पष्ट दिसतं.

उपांत्य फेरीत भावजींची दोरी निसटली. कित्येक वर्षांत झालं नव्हतं ते झालं आणि त्यांचा भोवरा रिंगणात ठेवला गेला. कॅमेरावाल्याला मी खूण केली, त्याने भोवरा सोडून भावजींचा चेहरा पडद्यावर घेतला. मेहुण्याची मस्करी करायला आपल्याकडे परवानाच असतो, कुणी वाईट म्हणत नाही. मी सुरुवात साधी केली. आमचे भावजी, आमच्या घरचं जावईरत्न. लोक हसले. मग मला आणखी हवं झालं. पोट भरलेलं असताना हात पुन्हा ताटात जातो, तसं ते असतं. मी लग्नातला उखाणा काढला. पहिली ओळ म्हटली, आवाज त्यांचा केला, आणि नावावर येऊन अडकलो. म... म... म...

मैदान फुटलं. असा हशा मी क्रिकेटच्या फायनललाही ऐकला नव्हता. मी थांबलो तरी पोरं थांबेनात. मागच्या बाजूने सुरू झालं, म, म, म, टाळ्यांच्या ठेक्यात. पडद्यावर भावजींचा चेहरा मांडवाएवढा मोठा. ओठ घट्ट मिटलेले. आणि त्यांचा भोवरा जागचा हलेना. चिंचेचं जड लाकूड, घाव बसायचा आणि तो तिथल्या तिथे डुलून पुन्हा पडायचा. दुसऱ्या कुणाचा असता तर दोन घावांत बाहेर गेला असता किंवा फुटला असता. त्यांनी तो इतका चांगला केला होता की त्यांची सुटका होत नव्हती. शेवटी कसाबसा बाहेर गेला. त्यानंतर त्यांनी अंतिम फेरी जिंकली, पण ती कुणी पाहिली नाही, लोक तोवर मोबाईलवर काढलेला उखाण्याचा व्हिडिओ एकमेकांना पाठवत बसले होते.

पाण्याच्या पिंपाजवळ ते मला भेटले. मी उगाच दोरी गुंडाळत उभा राहिलो.

"लोकं आली ना?" त्यांनी विचारलं.

"आली भावजी. साहेबांनी पण बघितली. फार खूश आहेत."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि तोंड धुवायला वाकले.

हे मी माफी समजलो. समजणं सोयीचं होतं. त्यांना शाळेतलं काम हवं होतं, त्यासाठी मान्यता हवी होती, मान्यतेसाठी माणसं. हा हिशेब त्यांनी माझ्याही आधी मांडला होता आणि त्यातला आपला वाटा मान्य केला होता, एवढंच त्या तीन शब्दांत होतं.

तिसऱ्या वर्षासाठी मी नियमावली लिहिली. रेषेवर गप्प उभं राहण्याचा रिवाज त्यात कलम म्हणून घातला, मोडल्यास बाद. एकच अडचण होती, भावजी काही दरवर्षी चुकणार नव्हते आणि लोक तर त्यांच्यासाठीच येणार होते. म्हणून मी नवीन कलम काढलं, मानाचा भोवरा. गेल्या वर्षीच्या विजेत्याचा भोवरा खेळ सुरू होतानाच रिंगणात ठेवायचा, मान म्हणून. आव्हान देणाऱ्यांनी त्यावर घाव घालून स्पर्धेचं उद्घाटन करायचं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांना तर कल्पना फारच आवडली, परंपरेचा मान राखलाय म्हणाले. भावजी बैठकीला होते. त्यांनी नियमावली वाचली, त्या कलमावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि सही केली.

मी त्यांना एकदा सुचवलं होतं की या वेळी हलका भोवरा आणा, पटकन बाहेर जाईल. त्यांनी मान हलवली. हलका भोवरा त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी दहाच्या आत मैदान भरलं. उलव्यापासून लोक आले होते. काहींनी टी-शर्टवर नुसतं 'म' छापून आणलं होतं. भावजी रेषेवर उभे राहिले, चिंचेचा भोवरा रिंगणात ठेवला गेला, आणि मला काही करायची गरजच उरली नाही. मी माईकवर फक्त उखाण्याची पहिली ओळ म्हणायचो आणि गप्प बसायचो. पुढचं मैदान म्हणायचं.

ताई त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. व्हिडिओ तिला कुणी दाखवला नव्हता की तिनेच बघितला नव्हता, मला माहीत नाही. बायकांच्या बाजूला बसली होती. आपल्या नावाचं पहिलं अक्षर एवढी माणसं टाळ्यांवर ओरडतायत हे तिला कळायला थोडा वेळ लागला असेल. कळलं तेव्हा ती उठली, मांडव ओलांडून माझ्या टेबलाशी आली आणि माईकवर हात ठेवला.

"बंद कर."

"ताई, बस जाऊन. साहेब बघतायत."

"बंद कर बोल्ले ना. मानूस हाय तो."

माईक चालूच होता. तिचे शब्द मैदानभर गेले आणि एकदम शांतता पसरली. त्या शांततेत मला भीती वाटली. ताईची नाही, भावजींचीही नाही. ती शांतता तशीच राहिली तर खेळ गेला, याची भीती. मी तिच्या हाताखालून माईक ओढून घेतला आणि म्हणालो, "मंडळी, मानाच्या भोवऱ्याच्या मालकीणबाई तक्रार घेऊन आल्यात. आता आल्याच आहात तर नाव सांगून जा वहिनी, भावजींना अजून जमलेलं नाही."

सख्ख्या बहिणीला मी वहिनी म्हणालो, कारण ते ऐकायला जास्त मजेदार होतं.

मैदान पुन्हा फुटलं. ताईने भावजींकडे बघितलं. ते रेषेवरून हलले असते, एक शब्द जरी बोलले असते, तर बाद झाले असते आणि सगळं तिथेच संपलं असतं. मला वाटतं ती त्याचीच वाट बघत होती. भावजींनी तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. नको म्हणून. जा म्हणून. ती गेली. भोवरा बराच वेळ रिंगणात होता.

मान्यता आली. पेढे वाटले, फ्लेक्स लागले. पुढच्याच महिन्यात जवळच्या एका शाळेने भोवऱ्याच्या प्रशिक्षकासाठी उमेदवार मागवले. निवड करायला तिघे बसलो, साहेब, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मी. परीक्षा सोपी होती. दहा मुलांना समोर उभं करायचं आणि उमेदवाराने त्यांना अर्धा तास शिकवायचं. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी पिशवीतून दहा भोवरे काढले, मुलांच्या हाताच्या मापाचे, नवीन, गुळगुळीत केलेले. एकेकाला दिले आणि पहिल्या मुलीच्या मागे जाऊन तिच्या मुठीवर मूठ ठेवली.

तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "म." दुसरा खुदकन हसला. मग दहाच्या दहा सुरू झाली, माझ्याच ठेक्यात, माझ्याच चढउतारासकट. मुलं ती, त्यांनी व्हिडिओ पाठ केला होता. भावजींनी हात वर केला. त्यांना 'थांबा' म्हणायचं असावं. ते 'थ' वर अडकले. मुलांना तर आणखी एक अक्षर मिळालं. साहेबांनी आधी कागद तोंडापुढे धरला, मग कागदाआडून हसले.

अर्धा तास पुरा झाला नाही. भावजी बाहेर बाकावर जाऊन बसले.

"कला आहे हो हातात," साहेब म्हणाले. "पण मुलांवर वचक नाही. वर्ग कसा सांभाळणार?" मग साहेबांनी मला विचारलं, "तुमचं मत?"

मला दोन वाक्यं बोलायची होती. की ही मुलं हे माझ्याकडून शिकलीत, आणि की मुलांना बाहेर काढून एकेकाला आत पाठवा, मग बघा. दोनच. जिभेवर जगलेला माणूस मी.

"तुम्ही म्हणता तसं, साहेब," मी म्हणालो.

"मग तुम्हीच का नाही घेत? मुलं तुमचं ऐकतील. सगळी ओळखतात तुम्हाला."

मी नाही म्हणालो नाही. सही केली.

बाहेर आलो तर भावजी बाकावरून उठले. मी म्हणालो, "साहेबांचं म्हणणं असं पडलं, भावजी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. विचारायला सुरुवात केली आणि अडकले. मान ताठ, डोळे मिटलेले. तो प्रश्न मला पहिल्या अक्षरालाच कळला होता, पण मी तो पुरा करून दिला नाही, उभा राहिलो. खूप वेळाने तो आला.

"तुझं काय म्हणणं पडलं?"

मी चपला घातल्या आणि गाडीकडे गेलो.

भावजी पुन्हा यार्डात जातात. रविवारचा खेळ बंद झाला, कारण आता खेळ मैदानावर होतो. ताई जेट्टीवर बसते. मी एकदा मुद्दाम मासळी घ्यायला गेलो. तिने इतर गिऱ्हाइकांसारखं मला विचारलं, "काय देऊ साहेब?" वाम घेतली. तिने ती साफ करून दिली, पिशवीचं तोंड बांधून दिलं आणि मागच्या बाईकडे वळली.

शाळेत मला आठवड्याला चार तास आहेत. भोवरा मला हातावर घेता येत नाही, कधीच येत नव्हता. पाच वेळा सोडला तर दोनदा फिरतो. मुलं थोडा वेळ बघतात, मग कंटाळतात, मग एखादा म्हणतो, "सर, ते करा ना." मी करून दाखवतो. सगळा वर्ग टाळ्यांवर साथ देतो आणि तास बरा जातो. मागच्या आठवड्यात नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, असं बोलणारा माणूस खरंच आहे का?"

"नाही गं," मी म्हणालो. "असं कुणी नाही. मीच बनवलंय ते."